सातव्या पानावरच्या तारखा

शाळेच्या सेवाज्येष्ठता यादीत प्रत्येक नावापुढे चार तारखा असतात: जन्माची, पहिल्या नेमणुकीची, सध्याच्या पदावर आल्याची आणि निवृत्तीची. जन्म आणि निवृत्ती यांत ५८ वर्षांचं अंतर, त्यामुळे त्या दोन लगेच ओळखू येतात. मधल्या दोन मात्र दिसायला अगदी सारख्या. पहिल्या पानावर रकान्यांना नावं होती. सातव्या पानावर ती नसतील तर वाचणारा पानं उलटत मागे जातो, बोटाने रकाने मोजतो आणि परत येतो. नाही तर अंदाजाने वाचतो. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांसाठी १९८१ ची सेवाशर्ती नियमावली आहे. तिच्या बाराव्या नियमाप्रमाणे ही यादी कर्मचाऱ्यांमध्ये फिरवायची, प्रत मिळाल्याच्या सह्या घ्यायच्या आणि हरकती विचारात घ्यायच्या असतात. उद्या मुख्याध्यापक कोण होणार, याचा निर्णय करताना हीच यादी उघडली जाते. म्हणून वर्डमधल्या तक्त्याची शीर्षकाची ओळ दर पानावर येते की नाही, हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

पुढच्या संवादातले काका तालुक्याच्या गावी कचेरीच्या रस्त्यावर टायपिंग आणि डीटीपीचं दुकान चालवतात. पेजमेकरच्या काळापासून त्यांचा हात बसलेला आहे. ताई एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात आस्थापनेचं काम बघतात. हे दोघे म्हणजे कोणी ठरावीक व्यक्ती नव्हेत. या दोन्ही बाजूंची बोलणी मी अनेकांकडून ऐकली आहेत, ती इथे दोघांच्या तोंडी घातली आहेत.

काका: ताई, आधी ही छापलेली प्रत बघा. एकही पान असं दाखवा, ज्याच्या डोक्यावर रकान्यांची नावं नाहीत. प्रत्येक पानावर मी स्वतः ती ओळ कॉपी करून बसवली आहे.

ताई: छापलेली प्रत बरोबरच आहे, काका. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण फाईल मी कार्यालयात उघडली. हरकतीत एक शिक्षिका राहून गेल्याचं निघालं, त्यांचं नाव दुसऱ्या पानावर घातलं. तेव्हापासून पुढच्या प्रत्येक पानावर एक नाव वर आणि त्याच्याखाली पुन्हा 'अ.क्र., नाव, अर्हता'. वाचणाऱ्याला वाटतं, इथून नवीन यादी सुरू झाली.

काका: म्हणून तर मी सांगत असतो, दुरुस्त्या कागदावर लिहून द्या. फाईलला तुम्ही हात लावू नका. पान बसवणं हे आमचं काम आहे, आणि ते डोळ्यांनी बघून करायचं काम आहे.

ताई: तात्पुरती यादी होते, मग हरकती येतात, मग अंतिम यादी. पुढच्या वर्षी दोघं निवृत्त होतात, तिघं नवीन लागतात. ही यादी कधी संपतच नाही. दर वेळी तुम्ही सगळी पानं नव्याने बसवणार?

काका: बसवीन. पेजमेकरमध्ये तर दुसरा इलाजच नव्हता. तक्ता आपोआप पुढच्या पानावर वाहत नव्हता. एका पानात किती ओळी मावतात ते मोजायचं, शीर्षक मास्टर पेजवर ठेवायचं, आणि पान पान बांधत जायचं. चूक झाली तर ती माझी, आणि ती मला दिसायची. आता तुमचं वर्ड म्हणतं, मी करतो. करतं का? मी ते 'रिपीट हेडर रोज' दाबून बघितलं आहे. काही झालं नाही. समोर ग्राहक बसलेला, बाहेर गाडी चालू ठेवून आलेला. मग मी काय करणार? कॉपी, पेस्ट.

काकांच्या या बोलण्यात मोठा अनुभव आहे. शीर्षकाची सोय वर्डमध्ये आहे हे ठाऊक असणारे पुष्कळ असतात. एकदा दाबून बघतात, फळ दिसत नाही, आणि मग आयुष्यभर हाताने काम करतात. बटण का चालत नाही हे ते बटण सांगत नाही. ना इशारा, ना संदेश. मला वाटतं, खरा दोष इथे आहे आणि तो काकांचा नाही.

ताई: कुठलं बटण दाबलंत ते आठवतं का? कारण वर्डमध्ये शीर्षकाच्या ओळीसाठी दोन जागा आहेत. तक्त्यात क्लिक केलं की वर 'टेबल डिझाइन' येतं. तिथे 'हेडर रो' असा चौकोन असतो, बहुतेक वेळा त्यात आधीच खूण असते.

काका: तीच. खूण आहेच, तरी येत नाही.

ताई: ती खूण फक्त रंगरूपासाठी आहे. पहिली ओळ ठळक करायची, तिला गडद पार्श्वभूमी द्यायची, एवढंच ती करते. ओळ पुढच्या पानावर न्यायचं काम तिचं नाही. ते दुसऱ्या टॅबवर आहे, 'लेआउट'मध्ये, अगदी उजव्या टोकाला. तिथे 'रिपीट हेडर रोज'. किंवा ओळीवर उजवी कळ दाबून 'टेबल प्रॉपर्टीज', त्यात 'रो', आणि तिथे दर पानाच्या माथ्यावर ही ओळ शीर्षक म्हणून आणा, असा चौकोन.

काका: तेही केलंय. कधी ते करडं दिसतं, दाबताच येत नाही. कधी दाबलं जातं आणि होत काहीच नाही.

ताई: करडं दिसतं तेव्हा कर्सर पहिल्या ओळीत नसतो. शीर्षक पहिल्या ओळीपासूनच सुरू व्हावं लागतं. दोन ओळी हव्या असतील तर पहिली आणि दुसरी सलग निवडायच्या. नुसती दुसरी, किंवा मधली एखादी, असं ते घेत नाही. आणि दाबलं जाऊनही येत नाही तेव्हा तक्ताच कुठेतरी बिघडलेला असतो. तुमची ही फाईल उघडा. डाव्या वरच्या कोपऱ्यात तो चार बाणांचा चौकोन दिसतो ना, तो धरून तुम्ही तक्ता सरकवला होतात?

काका: सरकवला. समासाच्या बाहेर जात होता, म्हणून जरा डावीकडे ओढला.

ताई: तिथेच गेलं सगळं. त्या बाणांनी तक्ता ओढला की वर्ड त्याला मजकुराच्या ओघातून बाहेर काढतं. 'टेबल प्रॉपर्टीज'मध्ये 'टेक्स्ट रॅपिंग' आपोआप 'अराउंड' होतं. असा तक्ता पुढच्या पानावर जातो, पण शीर्षक बरोबर नेत नाही. बघा, इथे 'अराउंड' आहे. 'नन' करा. समासाशी जुळवायचं असेल तर तिथेच 'इंडेंट फ्रॉम लेफ्ट'मध्ये माप द्या, ओढू नका.

काका: (करतात) आलं की. दुसऱ्या पानावर आलं. तिसऱ्यावर दोनदा आलं.

ताई: दुसऱ्यांदा दिसतं ते तुम्ही चिकटवलेलं. ती ओळ काढून टाकायची.

काका: आणि पाचव्या पानावर नाहीच.

ताई: तिथे तुम्ही कंट्रोल-एंटर दाबलं असणार. होम टॅबवरचं ते परिच्छेदाचं चिन्ह चालू करा, म्हणजे लपलेलं दिसेल. हे बघा, ओळींच्या मध्ये 'पेज ब्रेक'. तुम्हाला वाटलं आपण पान तोडलं, पण तुटला तो तक्ता. चौथ्या पानापर्यंतचा एक तक्ता, पाचव्यापासून दुसरा. दुसऱ्याला शीर्षकाबद्दल कोणी काही सांगितलेलंच नाही. हा मधला ब्रेक आणि मोकळा परिच्छेद पुसा, दोन्ही तक्ते परत एक होतील. ते एक झाल्याशिवाय पहिल्या पानावर कितीही खटपट केली तरी पाचव्यावर काही येणार नाही.

काका: पण मला तिथेच पान तोडायचं होतं. एका शिक्षकाची अर्ध्या पानाची पात्रता, त्याची अर्धी ओळ खाली आणि अर्धी पुढच्या पानावर. ते बरं दिसत नाही.

ताई: त्याला निराळा उपाय आहे. सगळ्या ओळी निवडा, 'टेबल प्रॉपर्टीज', 'रो', आणि 'अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस'ची खूण काढा. मग ओळ मधून फुटत नाही, मावली नाही तर अख्खी पुढे जाते. आणि एखादी ओळ नव्या पानावरच सुरू व्हावी असं वाटलं तर त्या ओळीतल्या परिच्छेदाला 'पेज ब्रेक बिफोर' द्या. तक्ता अखंड राहतो आणि शीर्षक बरोबर येतं.

काका: हे सगळं तुम्ही शिकलात कारण तुम्हाला एकच यादी सांभाळायची आहे. माझ्याकडे दिवसभरात शपथपत्र येतं, लग्नपत्रिका येते, ग्रामपंचायतीचा नमुना येतो. मी पान बघतो. पान बरोबर दिसलं की काम बरोबर.

ताई: पान बरोबर दिसणं हा शेवट आहे, काका. त्याआधी फाईल बरोबर असावी लागते. तुम्ही चिकटवलेली शीर्षकं माणसाला शीर्षकं दिसतात. वर्डला ती नावाच्या ओळींसारखीच आणखी एक ओळ. मी नेमणुकीच्या तारखेप्रमाणे यादी लावायला 'सॉर्ट' केलं, तर तुमची ती सगळी शीर्षकं उचलली गेली आणि एका ठिकाणी गोळा झाली. अ.क्र.च्या रकान्याला आपोआप क्रमांक दिले तर त्या ओळींनाही क्रमांक लागले. ज्येष्ठतेच्या यादीत क्रमांक चुकणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

काका: तुम्ही सॉर्ट करता हे मला कुठे ठाऊक होतं? मला छपाईचं काम दिलं होतं.

या वाक्यापाशी मी पुष्कळ वेळ अडलो. काकांना छपाईचं काम दिलं होतं, हे खरं आहे. कागद हा त्यांचा शेवटचा मुक्काम. ताईंसाठी कागद हा मधला थांबा. एकच फाईल दोघांच्या हातून जाते, आणि दोघेही वाचणाऱ्याचाच विचार करतात. काकांचा वाचणारा शिक्षकांच्या खोलीत सही करायला उभा आहे. ताईंचा तोही आहे आणि आणखी तीन वर्षांनी हीच फाईल उघडणारा त्यांच्या जागेवरचा माणूसही आहे. माझं मत ताईंकडे झुकतं, कारण त्या दुसऱ्या माणसाची बाजू घ्यायला काकांच्या दुकानात कोणी नसतं. पण पुढे काकांनी जे मुद्दे मांडले ते सहज बाजूला सारता येणारे नाहीत.

काका: बरं, तुमचं म्हणणं मान्य. आता माझं ऐका. तुमचं शीर्षक दर पानावर येतं, पण नुसतं रकान्यांचं. या यादीत प्रवर्ग आहेत. अनुसूची 'फ'प्रमाणे अ, ब, क असे. 'प्रवर्ग क' ही आडवी ओळ तिसऱ्या पानावर येते आणि त्याची नावं आठव्या पानापर्यंत चालतात. सातव्या पानावर मला कसं कळणार की ही नावं 'क'ची आहेत? मी हाताने तिथे 'प्रवर्ग क, पुढे चालू' असं लिहितो. तुमचं वर्ड लिहील का?

ताई: नाही लिहिणार. मधली ओळ त्याला दर पानावर आणता येत नाही, हे आधी सांगितलंच.

काका: मग?

ताई: मग तक्ता तोडायचा.

काका: आत्ता तर म्हणालात की तोडू नका!

ताई: पानासाठी तोडू नका, असं म्हटलं मी. प्रवर्ग बदलतो तिथे यादीच बदलते. तिथे तक्ता वेगळा करायला हरकत नाही, केलाच पाहिजे. प्रत्येक प्रवर्गाचा वेगळा तक्ता. त्याची पहिली ओळ सगळ्या रकान्यांवर आडवी जोडलेली, तिच्यात 'प्रवर्ग क'. दुसऱ्या ओळीत रकान्यांची नावं. दोन्ही ओळी निवडून शीर्षक करायच्या. मग सातव्या पानाच्या माथ्यावर प्रवर्गही येतो आणि तारखांची नावंही. दोन तक्त्यांच्या मध्ये एक परिच्छेद राहू द्या, नाहीतर ते परत चिकटतात.

काका: आणि 'पुढे चालू'?

ताई: ते येणार नाही. पहिल्या पानावर जे शीर्षक तेच शब्दशः पुढे. पुढच्या पानांवर जाऊन ते बदलता येत नाही, पहिल्या पानावरचं बदललं तरच सगळीकडे बदलतं.

काका: बघा. इनडिझाइनमध्ये येतं. तिथे 'स्किप फर्स्ट' असतं. पहिल्या पानाला साधी ओळ ठेवायची, आणि 'पुढे चालू'वालं शीर्षक पहिलं पान सोडून बाकी सगळीकडे येतं.

ताई: खरं आहे. लाटेकमध्येही येतं. डेव्हिड कार्लाईल यांचं 'लाँगटेबल' म्हणून पॅकेज आहे, त्यात पहिल्या पानाचं शीर्षक वेगळं आणि पुढच्यांचं वेगळं असं सांगता येतं. वर्डने हे अजून दिलेलं नाही. या बाबतीत तुमचा हात वर्डपेक्षा पुढे आहे.

काका: आणखी एक. या यादीचं शीर्षक उंच आहे. 'सध्याच्या पदावरील नियुक्तीचा दिनांक' हे अरुंद रकान्यात चार ओळी घेतं. दर पानावर तेवढी जागा जाते. पूर्वी सरकारी विवरणपत्रात काय करत? रकान्यांच्या नावाखाली आकड्यांची ओळ असायची, एक, दोन, तीन, चार. आम्ही पुढच्या पानांवर नुसती ती आकड्यांची ओळ द्यायचो. कागद वाचायचा.

ताई: कागद वाचायचा, पण वाचणाऱ्याला 'रकाना सहा' म्हणजे काय ते बघायला पहिल्या पानावर जावंच लागायचं.

काका: जावं लागायचं. पण हरकतीच्या अर्जात तो 'रकाना ६ मधील दिनांक चुकीचा आहे' असं लिहू शकायचा. आकडा असला की बोलणं नेमकं होतं. तुम्ही तर ती ओळच काढून टाकली आहे.

ताई: (थोडं थांबून) हे मला पटतं. आकड्यांची ओळ ठेवू. प्रवर्ग, नावं, आकडे, तिन्ही ओळी शीर्षकात. उंची कमी करायला नावं लहान करू: 'सध्याच्या पदावर' एवढं पुरे, वरती 'दिनांक' अशी चार रकान्यांवर जोडलेली चौकट.

काका: जोडलेल्या चौकटी आल्या की तुमचं वर्ड रुसतं.

ताई: आडवी जोड त्रास देत नाही. उभी देते. 'अ.क्र.' आणि 'नाव' या चौकटी दोन ओळींवर उभ्या जोडल्या तर त्या दोन्ही ओळी शीर्षकात घ्याव्या लागतात. नुसती पहिली घेऊन चालत नाही. आणि ती उभी जोड चुकून खाली माहितीच्या ओळीत उतरली असेल तर शीर्षक कुठे संपतं हेच ठरत नाही. म्हणून शीर्षक नीट येईना झालं तर आधी या जोडलेल्या चौकटी बघायच्या.

काका: तुम्ही ओळीची उंची 'एक्झॅक्टली' ठेवली आहे का कुठे? शीर्षकात 'नियुक्ती'मधली वेलांटी वरून कापलेली दिसते.

ताई: ठेवली होती, ओळी सारख्या दिसाव्यात म्हणून.

काका: काढा. 'अ‍ॅट लीस्ट' करा. इंग्रजीत ते चालतं. देवनागरीत वर रफार, वेलांटी, खाली उकार. उंची घट्ट बांधली की मात्रा कापली जाते. आणि ती एका पानावर कापली गेली की दर पानावर कापली जाणार, तुमचं शीर्षक आता सगळीकडे जातं ना! हे पडद्यावर पटकन लक्षात येत नाही, छापल्यावर दिसतं. म्हणून मी छापून बघा म्हणतो.

मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. स्वयंचलित गोष्ट बरोबर असली की सगळीकडे बरोबर असते आणि चुकली की सगळीकडे चुकते. पाहणारा डोळा म्हणूनच लागतो, आणि तो डोळा काकांकडे आहे. देवनागरी छापताना मात्रांची काळजी घेणारी ही माणसं कमी होत चालली आहेत, याची मला खंत आहे.

काका: आता फॉन्टचं बोला. माझ्याकडे एक फॉन्ट, तुमच्याकडे दुसरा. तुमच्या संगणकावर माझा फॉन्ट नसला की वर्ड दुसरा घालतं. ओळी जाड होतात, पानं बदलतात. तुमच्या शीर्षकाचं काय होतं?

ताई: काही होत नाही, हाच त्याचा गुण. पान कुठेही तुटलं तरी ते माथ्यावरच येतं. हाताने चिकटवलेलं मात्र फॉन्ट बदलताच जागा सोडतं. तुम्ही फॉन्टची भीती सांगता, ती माझ्याच बाजूची आहे.

काका: पण लिबर ऑफिसमध्ये? त्या दिवशी एका सरकारी कार्यालयातून आलेली फाईल त्यातलीच होती.

ताई: तिथेही आहे. तक्त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टेक्स्ट फ्लो', त्यात 'रिपीट हेडिंग' आणि पहिल्या किती ओळी ते आकड्यात सांगायचं. वर्डची फाईल उघडली तर ते बहुधा आपोआप घेतलं जातं, कारण डॉक्सएक्स फाईलच्या पोटात त्या ओळीवर शीर्षकाची खूण असते. चिकटवलेल्या ओळीवर ती खूण नसते.

काका: आणि एक्सेलमधून आणलेला तक्ता?

ताई: एक्सेलमध्ये पहिल्या ओळीला 'फ्रीझ पेन्स' केलेलं असतं, माणसाला वाटतं छापतानाही ती येईल. ते फक्त पडद्यापुरतं. छपाईसाठी 'पेज लेआउट'मध्ये 'प्रिंट टायटल्स' असतं, तिथे वरच्या ओळी सांगायच्या. वर्डमध्ये आणला की मात्र शीर्षक नव्याने सांगावं लागतं. आणि ईमेलमधून किंवा वेबवरून उचललेला तक्ता असेल तर बघायचं की तो दुसऱ्या तक्त्याच्या चौकटीत तर बसलेला नाही. तक्त्यातल्या तक्त्याचं शीर्षक पुढे जात नाही. टेक्स्ट बॉक्समधल्याचंही नाही, कारण टेक्स्ट बॉक्स पानापलीकडे वाहतच नाही.

काका: माझा भाचा म्हणत होता, रकान्यांची नावं सरळ पानाच्या हेडरमध्ये घाला, पान क्रमांक घालतो तिथे. दर पानावर येतीलच.

ताई: येतील. तुमच्या मास्टर पेजसारखंच झालं ते. पण खाली रकाना रुंद केला की वरचं नाव जागेवरून हलत नाही, दोन्हीकडे मापं वेगवेगळी सांभाळावी लागतात. आणि प्रवर्ग बदलला, रकाने बदलले की प्रत्येक ठिकाणी नवीन सेक्शन. त्यापेक्षा मोठं कारण वेगळंच आहे, काका. आमच्या एका शाळेत संगीताचे शिक्षक पूर्ण अंध आहेत. ते संगणकावर स्क्रीन रीडरने वाचतात. त्यांना यादी कागदावर देऊन सही घेणं म्हणजे काय देणं? मी त्यांना फाईल पाठवते. खूण लावलेली शीर्षकाची ओळ असली की पीडीएफ करताना, टॅग ठेवले तर, ती शीर्षक म्हणूनच जाते. मग ते एका चौकटीतून दुसरीत गेले की नुसती तारीख ऐकू येत नाही, आधी रकान्याचं नाव येतं. तुमची चिकटवलेली ओळ त्यांना यादीतल्या एका माणसासारखी ऐकू येते: क्रमांक 'अ.क्र.', नाव 'नाव'.

काका: (बराच वेळ काही बोलत नाहीत) त्यांनी हरकत घेतली होती का?

ताई: घेऊ शकले नाहीत. त्यांची सध्याच्या पदाची तारीख चुकीची छापली होती, आणि ती कुठली तारीख आहे हेच त्यांना कळलं नव्हतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. कायदा नसता तरी ही यादी त्यांची आहे.

काका: मग चिकटवलेल्या सगळ्या ओळी काढा. आत्ताच काढा, मी बसतो तुमच्याबरोबर. किती तक्ते झालेत ते आधी बघू.

ताई: चिन्हं चालू आहेतच. वरून खाली जाऊ. जिथे ब्रेक दिसेल तो काढायचा, जिथे प्रवर्ग बदलेल तिथे ठेवायचा.

काका: आणि 'ड्राफ्ट' दृश्यात काम करू नका, तिथे शीर्षक दिसतच नाही, मागे मी त्यावरच फसलो होतो असं वाटतंय.

ताई: बरोबर, ते 'प्रिंट लेआउट'मध्येच दिसतं. 'वेब लेआउट'मध्येही नाही.

काका: शेवटचं पान राहिलं. अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या सह्यांची जागा एकटीच नव्या पानावर गेली आहे. वर एकही नाव नाही. अशा कोऱ्या पानावर कोणी सही करत नाही, आणि करूही नये. मी दर वेळी शेवटची दोन नावं हाताने खाली ढकलतो.

ताई: ढकलू नका. शेवटच्या दोन ओळी निवडा, 'पॅराग्राफ'मध्ये 'लाइन अँड पेज ब्रेक्स', 'कीप विथ नेक्स्ट'. त्या दोन ओळी सह्यांच्या मजकुराला धरून राहतील. सह्या पुढच्या पानावर गेल्या तर ती दोन नावंही जातील.

काका: आणि त्या नावांवर शीर्षक?

ताई: त्या प्रवर्गाचा तक्ता एकच आहे ना, येईल. प्रवर्ग, नावं, आकडे, तिन्ही ओळी.

काका: एक प्रत काढतो. तुम्ही पीडीएफ करून त्या सरांना पाठवा. त्यांनी वाचून होकार दिला की मगच बाकीच्या प्रती.